अडीच वर्षांची चिऊ आणि सव्वा महिन्याचं बाळ: तुमचा दिवस कसा जातो?

रानजाई (निगडी), दुपारी २.१०

बाळ आत्ता मांडीवर झोपलंय. खाली ठेवलं की पाच मिनिटांत जागं होतं, म्हणून तसंच धरून एका हाताने लिहितेय. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आई परवा साताऱ्याला परत गेली. सव्वा महिना पूर्ण केला, डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचे दोन डबे भरून ठेवले आणि गेली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिला जाणं भागच होतं. सासूबाई नाशिकहून यायला अजून पाच-सहा दिवस आहेत. नवरा चाकणला कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्टची बस पहाटे ५.४० ला, घरी यायला चार वाजतात. तोवर घरात मी, बाळ आणि चिऊ. चिऊला अडीच वर्षं पूर्ण होऊन महिना झाला.

बाळाचं मला जमतंय. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट, शी-शू, रात्रीचं जागरण, हे सगळं दुसऱ्यांदा आहे, हात आपोआप चालतात. नऊ वाजता माळीशवाल्या मावशी येतात आणि बाळाला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून हातात देतात. त्यानंतर दीड-दोन तास ते शांत झोपतं. माझा प्रश्न बाळाबद्दल नाही, चिऊबद्दल आहे.

पूर्वी ती उठली की अंथरुणातूनच 'आईऽऽ' अशी हाक मारायची. आता मारत नाही. उठून खोलीच्या दाराशी येते आणि माझ्या मांडीवर बाळ आहे का ते बघते. असलं तर परत जाते आणि पांघरुणात शिरून बसते. नसलं तर धावत येते. रोज सकाळी मी ते बघते आणि रोज मला पोटात कालवतं.

मंगळवारचं सांगते. बाळाला हॉलमध्ये खाली गादीवर ठेवलं होतं. दूध उतू जायला आलं म्हणून आत गेले. अर्धं मिनिटही झालं नसेल. बाहेर आले तर चिऊ त्याच्याजवळ मांडी घालून बसलेली, हातात चुरमुऱ्यांची वाटी. बाळाच्या ओठांवर दोन चुरमुरे आणि जिभेवर एक. 'बाळाला मंमं' म्हणाली. मी झडप घालून ते काढले आणि चिऊच्या हातावर फटका मारला. जोरात मारला. तिच्या गोऱ्या हातावर माझी बोटं उठली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मारलं.

तेव्हापासून ती बाळाजवळ फिरकत नाही. पाच महिन्यांपूर्वी डायपर सुटला होता, तो सुटल्यात जमा नाही. दिवसातून तीनदा चड्डी ओली करते. काल बाळाचा लंगोट उचलून आणला आणि मला म्हणाली, 'मला हे घाल.' घालता येईना म्हणून नुसता कमरेला गुंडाळला, तर तासभर तशीच बसून राहिली.

येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला म्हणतो, 'आता तू ताई झालीस, मोठी झालीस.' मीही म्हणत होते. ज्यांच्या घरी दोन लहान मुलं आहेत त्यांनी सांगा, तुम्ही मोठ्याचं कसं केलंत?

दोन_पिल्लं (ठाणे), २.४०

अगं, आधी तो फटका मनातून काढ. बाळाच्या तोंडात खाऊ दिसला की कुठल्याही आईचा हात उठला असता. पण चिऊला त्याबद्दल काही सांगितलंस का? मी माझ्या मुलाला सांगितलं होतं, 'आई घाबरली म्हणून ओरडली. तुझ्यावर रागावली नव्हती. मारलं ते आईचं चुकलं.' तो पावणेतीन वर्षांचा होता, कळेल की नाही अशी शंका होती. त्याला कळलं. पुढे आठवडाभर तो प्रत्येकाला सांगत होता, 'आई घाबली होती.'

आता मला उशिरा कळलेली गोष्ट सांगते. दुसरं झालं की घरातले सगळे मदत म्हणून मोठ्याला उचलून नेतात. बाबा बागेत नेतात, आत्या तिच्या घरी नेते, शेजारच्या काकू टीव्ही लावून बसवतात. 'तेवढाच तुला आराम' म्हणतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मोठ्याला काय दिसतं? बाळ आलं आणि मला घराबाहेर काढायला लागले. बाळ आईजवळ आणि मी दुसऱ्या कुणाकडे तरी.

आम्ही पाचव्या आठवड्यात ते उलट केलं. बाळाला पाजलं की नवरा त्याला घेऊन गॅलरीत किंवा खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा आणि मी मुलाबरोबर बसायचे. त्या वयाच्या बाळाला पोट भरलेलं असेल आणि अंगाला ऊब असेल तर कुणाचंही खांद्यावर घेणं चालतं. मोठ्याला मात्र आईच हवी असते. पुढचे तीन महिने बाळ नवऱ्याच्या खांद्यावर वाढलं म्हण.

चंदनवेल, २.५५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आणि 'मोठी झालीस' हे वाक्य घरात बंदच करा. अडीच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने मोठं होणं म्हणजे आईची मांडी जाणं.

मिरजेची आजी, ३.३०

पोरी, सगळं वाचलं. मी चार मुलांची आई आणि सात नातवंडांची आजी. माझ्या पहिल्या दोघींमध्ये दीड वर्षाचं अंतर. एकत्र कुटुंब होतं, पण काम इतकं की पोरीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. धाकटी झाल्यावर थोरली एकदम गप्प झाली, जेवेना. माझ्या सासूने मला एकच सांगितलं. दोघी एकदम रडल्या तर थोरलीला आधी घे. धाकटी चार मिनिटं जास्त रडली तर तिच्या लक्षात राहत नाही. थोरलीच्या राहतं.

जेवणही थोरलीला आधी. बाळाला पाजायला बसण्यापूर्वी तिच्या पुढ्यात ताटली ठेव. तिला आवडतो तो मऊ वरणभात, पोळीचा लाडू, केळं, काहीही. मग ती खात असताना तू पाज. पाजताना तुझा एक हात मोकळा असतो, तो तिच्या पाठीवर ठेव.

संध्याकाळी बाळ किरकिर करतं का? मीठमोहरी ओवाळतेस ना? मग थोरलीवरूनही ओवाळ. नुसतं बाळावरून ओवाळलं की दाराआड उभं राहून ती बघत असते. दृष्ट तिलाही लागते म्हणावं.

आणि दुपारी पाठीला शेक घे. पावसाळ्याचे दिवस आहेत, अंग गार पडू देऊ नकोस. बाळाला शेगडीवर ओवा आणि धूप टाकून धुरी दे, सर्दी धरत नाही.

बालरुग्ण_विभागातली_परिचारिका, ४.१५

आजी, थोरलीला आधी घ्यायचं हे तुमचं म्हणणं मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगणार आहे. पण धुरीबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं, राग मानू नका. मी चौदा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, त्यामुळे कळतही नाही. शिवाय सव्वा महिन्याच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात की धूर मग तो ओव्याचा असो की धुपाचा, त्यांना त्रासच देतो. तुम्हाला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्या. बाळाला तेलाचं माळीश जरूर करा, फक्त कानात-नाकात तेल घालू नका आणि डोळ्यांत काजळ नको.

रानजाई, चुरमुऱ्यांबद्दल. बाळाच्या तोंडात खाऊ डोळ्यांना दिसत असेल तरच तो बोटाने अलगद काढायचा. दिसत नसेल तर बोट घालून चाचपायचं नाही, तो आणखी आत जातो. बाळाला नीट श्वास घेता येत नसेल, रडू फुटत नसेल, तर त्याला एका हातावर पालथं धरायचं, डोकं छातीपेक्षा खाली. तळव्याने पाठीच्या फऱ्यांमध्ये पाच थापट्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाब. पुन्हा पाच थापट्या. असं आलटून पालटून, आणि त्याच वेळी कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगायचं. हे घरातल्या सगळ्यांना शिकवा. चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं चिऊच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. तिच्यासाठीसुद्धा अख्खे शेंगदाणे अजून धोक्याचेच आहेत.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले असतील ते रोज द्या. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळची किरकिर साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप कमी होते. ताप मात्र घरी बघत बसायचा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असलं तर लगेच दवाखाना. लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, तरीही फोन करून विचारून घ्या.

मिरजेची आजी, ४.४०

बाई, रागवायचं काय त्यात. आमच्या वेळी घरं कौलारू, वारा खेळता. आता बंद फ्लॅट, हे माझ्या ध्यानात आलं नाही. धुरीचं मी मागे घेते. शेक मात्र घे, पोरी, पिशवीने का होईना.

रानजाई, ५.०५

आजी, परिचारिकाताई, दोघींचे मनापासून आभार. थापट्यांचं वर्णन नवऱ्याला वाचून दाखवलं आणि चिऊच्या बाहुलीवर आम्ही दोघांनी करून बघितलं. चिऊ बघत होती. तिने मागून बाहुलीला पाच थापट्या मारल्या आणि 'बरं झालं' म्हणाली.

एक विचारायचं राहिलं. ती माझं दूध मागतेय. तिचं दूध दीड वर्षाची असतानाच सुटलं होतं. मी नाही म्हटलं तर ओठ काढून कोपऱ्यात जाते.

बालरुग्ण_विभागातली_परिचारिका, ५.२०

द्यायला हरकत नाही, बाळाचं पोट भरल्यावर. बहुतेक मुलांना एवढ्या दिवसांत ओढायचं कसं ते आठवतच नाही. तोंड लावतात, चव बघतात आणि सोडून देतात. तिला दूध नको असतं, नकार मिळतो का ते बघायचं असतं. तुम्हाला नको वाटत असेल तर नुसती पदराखाली घ्या, तेही पुरतं. चड्डी ओली होते त्यावरही रागवू नका, लाजवू नका. बाळ आल्यावर असं होतंच. तिला पुन्हा काही दिवस डायपर हवा असेल तर घाला. सुटेल आपोआप.

सह्याद्रीचा_बाबा (नाशिक), ६.५०

बाबांच्या बाजूने लिहितो. आमची मोठी तीन वर्षांची, धाकटी आता पाच महिन्यांची. धाकटी झाल्यावर मला कंपनीतून चार दिवस सुट्टी मिळाली, तीही माझ्या खात्यातली. केंद्र सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवस पितृत्व रजा आहे, खासगी क्षेत्रासाठी तसा कायदाच नाही. माझ्यासारख्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला घरी जे चार-पाच तास मिळतात त्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

मी पहिला महिना चुकलो. कामावरून आलो की मोठीला घेऊन बाहेर जायचो आणि वाटायचं, मी किती मदत करतोय. बायकोने एकदा सांगितलं, 'तू हिला नेतोस तेव्हा मी बाळाशी एकटीच उरते, आणि ही परत येते तेव्हा झोपेला आलेली असते. आमची दोघींची भेटच होत नाही.' दोन_पिल्लं यांनी लिहिलंय तेच.

आता काय करतो ते सांगतो. घरी आल्यावर हातपाय धुऊन बाळाला ताब्यात घेतो. ढेकर, लंगोट, झोपवणं माझं. रात्रीची शेवटची शी मी धुतो. लंगोट पिळून वाळत घालणं माझं. सुरुवातीला बाळ माझ्याकडे रडायचं आणि बायको उठून यायची. आम्ही ठरवलं की भूक नसेल तर तिने उठायचं नाही. चार दिवसांत मला जमलं. पालथी घालून माझ्या हातावर, तोंड कोपराकडे, पोट तळहातावर, अशी धरली की शांत होते. मोठी आणि तिची आई तेवढ्यात पलंगावर लोळत असतात. फार काही करत नाहीत. मोजे जोडीने लावतात.

चंदनवेल, ७.१०

मोजे जोडीने लावतात, हे वाचून रडू आलं. आमच्या घरी भेंडी चिरायची असते तेव्हा मी मोठ्याला भेंड्या मोजायला बसवते. त्याला दहापर्यंतच येतं, मग पुन्हा एकपासून.

राईनकाठ (जर्मनी), ७.५५

इथे दुपार आहे, दोन्ही मुलं झोपलीत. आमच्याकडे सासर-माहेर दोन्ही आठ तासांच्या विमानप्रवासापलीकडे. पहिल्या वेळी आई तीन महिने आली होती, दुसऱ्या वेळी व्हिसाच्या तारखा जुळल्या नाहीत आणि आम्ही दोघंच होतो.

इथे 'हेबामे' म्हणजे सुईण घरी येते. बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज, नंतर अधूनमधून, बारा आठवड्यांपर्यंत. खर्च आरोग्य विमा करतो. बाळाचं वजन करते, नाळ बघते, आईचे टाके बघते, स्तनात गाठ आली तर सांगते. इथल्या लोकांत बाळंतिणीच्या सहा-आठ आठवड्यांना 'वोखनबेट' म्हणतात, आठवड्यांचा बिछाना. मला तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा एकदम घरचा वाटला. आपला सव्वा महिनाच तो.

आमच्या हेबामेने मोठ्या मुलासाठी सांगितलेली एक गोष्ट मी रोज करते. बाळाशी बोलताना मोठ्याचं नाव घ्यायचं. आपण दिवसभर मोठ्याला सांगत असतो, 'थांब, बाळ झोपलंय', 'हळू, बाळ उठेल', 'नंतर, बाळाला पाजतेय'. त्याच्या कानावर दिवसभर बाळाचंच नाव आणि नकार. म्हणून अधूनमधून बाळालाही थांबायला सांगायचं. मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. 'बाळा, थांब हं जरा, मी दादाच्या शर्टाची बटणं लावतेय.' बाळ झोपलेलं असलं तरी चालतं. माझा मुलगा पहिल्यांदा हे ऐकून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला होता.

आपल्याकडची एक गोष्ट मी इथे सोडली नाही. संध्याकाळी दिवा लावून दोघांना घेऊन बसायचं, परवचा म्हणायचा. बाळ मांडीवर, मुलगा मांडीला टेकून. त्या दहा मिनिटांत फोन नाही, गॅस नाही.

वैनगंगेकाठची, ८.४०

मी गडचिरोली जिल्ह्यातली. शहरातल्यांचं वाचून बरं वाटतं आणि आमच्या वहिनीचं आठवतं. तिला दोन वर्षांचा मुलगा आणि दोन महिन्यांची मुलगी. भाऊ रोवणीला शेतात, वहिनी घरी. माळीशवाली नाही, फ्लॅट नाही, पण आशाताई येते. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. काट्याला झोळी अडकवून बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास असले तर निमोनियाची शंका.

ही पद्धत आमच्याच जिल्ह्यात सुरू झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. गावातली बाळं मरायची ती कमी झाली. १९९९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला आणि २०११ पासून देशभर आशाताई घरी जाऊन हे काम करतात. शहरातसुद्धा वस्तीत आशा असते, विचारून बघा.

पण मी लिहायला आले ते वेगळ्यासाठी. आशाताई बाळाला तपासते तेव्हा वहिनीचा मुलगा बाजूला उभा असतो. एकदा तिने त्यालाही काट्याच्या झोळीत बसवलं. काटा लहान बाळाचा, तो मावेना, पण बसवलं. 'तुझं वजन तर लईच भारी' म्हणाली. तेव्हापासून ती येणार म्हटलं की तो अंगणात जाऊन उभा राहतो.

लिंबोणी, ९.३०

धाग्यात कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रानजाई, तू बरी आहेस का? चिऊबद्दल इतकं लिहिलंस, बाळाबद्दल लिहिलंस, स्वतःबद्दल ओळही नाही.

माझं दुसरं झालं तेव्हा मला मोठीकडे बघवत नसे. तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. तिचा आवाज आला की छातीत धडधडायचं, आणि मग दिवसभर त्याचीच शरम. सगळे म्हणायचे, झोप पुरत नाही म्हणून होतंय. पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि जातं. माझं तीन महिने गेलं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप लागायची नाही, हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते गांभीर्याने घेतलं. औषध सुरू झालं, अंगावर पाजत असतानाच चालेल असं. दीड महिन्यात मी मोठीचे केस पुन्हा स्वतः विंचरायला लागले.

तुला असं काही असेल तर थांबू नकोस. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि नसेल तर देवाचे आभार, पण एक तास तरी झोप.

रानजाई, ९.५८

लिंबोणी, तू विचारलंस म्हणून सांगते. मला झोप लागते, उलट बसल्या जागी लागते. रडू येतं ते चिऊमुळे. पण नंबर फ्रिजवर लिहून लावलाय. तू लिहिलंस ते मोठं धाडसाचं आहे.

कऱ्हेकाठ, १०.२०

लंगोट पावसात वाळत नाहीत, त्याला काही उपाय? विषयाला सोडून आहे, पण घरात दोरीवर तीस लंगोट लटकतायत आणि कुबट वास येतोय.

सह्याद्रीचा_बाबा, १०.३५

वॉशिंग मशीनमध्ये नुसतं दोनदा पिळून काढा, मग पंख्याखाली स्टँडवर, एकावर एक न टाकता. शेवटी गरम इस्त्री. सकाळी इस्त्री करून एक गठ्ठा, संध्याकाळी एक. सुती जुन्या साडीचे लवकर वाळतात, होजियरीचे नाही. रात्री डायपर वापरा, जीव वाचतो.

पाळणा_आणि_पगार, ११.०५

नोकरी करणाऱ्यांसाठी एवढंच. दुसऱ्या मुलालाही २६ आठवडे पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून. तिसऱ्याला १२. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. आमच्या ऑफिसात ती कागदावर होती, तीन जणींनी मिळून लेखी मागितली तेव्हा खोली मिळाली. रजा संपायच्या दोन महिने आधी मोठ्याला पाळणाघरात घालू नका, हा माझा अनुभव. बाळ घरी आणि मला बाहेर पाठवलं, असं त्याला वाटतं. आधी घाला किंवा नंतर.

रानजाई, सहा दिवसांनंतर, रात्री १०.१५

धागा वर काढते. काय काय केलं ते सांगायचं होतं.

त्याच रात्री चिऊला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आई घाबरली होती, मारलं ते आईचं चुकलं. तिने माझ्या हातावर, जिथे तिला लागलं होतं त्याच जागी, फुंकर घातली. तिला वाटलं मला लागलंय. मी काही बोलू शकले नाही.

नवरा चारला आला की बाळ त्याचं. पहिले दोन दिवस ते फार रडलं, मी दार लावून बसले. तिसऱ्या दिवसापासून त्याचं शर्टाच्या खिशाशी तोंड करून झोपणं सुरू झालंय. मी आणि चिऊ त्या वेळात आंघोळ करतो, दोघी एकत्र, मोठ्या बादलीतून. तिला माझ्या पाठीवर तांब्याने पाणी घालायला आवडतं. अर्धं जमिनीवर सांडतं. चाळीस मिनिटं लागतात.

दूध दिलं तिला. परिचारिकाताई म्हणाल्या तसंच झालं. तोंड लावलं, विचार केला आणि 'बाळाचंय' म्हणून उठून गेली. पुन्हा मागितलं नाही.

'थांब हं बाळा' सगळ्यांत लवकर लागू पडलं. काल बाळ रडायला लागलं तर चिऊच आतून ओरडली, 'थांब हं बाळा, आई माजे केश विंचलतेय.' चड्डी अजून ओली होते, दिवसातून एकदा. मी काही म्हणत नाही.

सहा आठवड्यांची लस परवा झाली. दोन्ही मांड्यांत सुया, तोंडात थेंब. आम्ही चिऊला नेलं नव्हतं, ती शेजारच्या काकूंकडे होती. परत आल्यावर बाळाच्या मांडीवरची पट्टी बघून तिने स्वतःच्या मांडीवर बोट ठेवलं, 'मला पण.' साधी चिकटपट्टी लावली. रात्री बाळाला थोडी कणकण होती, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थेंब सांगितले, सकाळी उतरली. चिऊची पट्टी मात्र आज तिसरा दिवस, काढू देत नाही.

आज सासूबाई आल्या. संध्याकाळी बाळ किरकिरायला लागलं तसं त्यांनी मीठमोहरी घेतली. मी आजींचा निरोप सांगितला. त्यांनी चिऊला बाळाशेजारी पाटावर बसवलं आणि आधी तिच्यावरून ओवाळलं, मग बाळावरून. चिऊ डोळे मिटून, हात जोडून बसली होती. मोहरी गॅसवर तडतडली तेव्हा तिने विचारलं, 'गेली?' सासूबाई म्हणाल्या, 'गेली.' मग उठली, वाटीतलं उरलेलं मीठ मुठीत घेतलं आणि बाळावरून फिरवलं. थोडं त्याच्या झबल्यावर सांडलं. मंगळवारनंतर ती पहिल्यांदा त्याच्या इतकी जवळ गेली होती.

मिरजेची आजी, १०.४०

मीठ झटकून घे गं झबल्यावरचं, अंगाला चुरचुरतं. आणि तिची पट्टी आंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात भिजवून काढ, ओढू नकोस.

रानजाई, १०.५२

झटकलं, आजी. पट्टी उद्या बघते. दोघंही झोपलीत आत्ता, एकाच वेळी.